पोर्चमधला ऑईलचा डाग: डिग्रीझर मारू का मुलतानी मातीचा लेप लावू?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पंधरा-वीस दिवस राहिले होते, ताई पोरांना घेऊन येणार होती, आणि आमच्या पोर्चमध्ये बरोब्बर मधोमध जेवणाच्या ताटाएवढा काळाकुट्ट डाग. गाडी जुनी, खालच्या ड्रेन बोल्टचा वायसर गेलेला, रात्रभर थेंब थेंब गळत राहायचं आणि मी रोज सकाळी बघून "उद्या दाखवू गॅरेजला" म्हणत दोन महिने काढले. चूक माझीच. वायसर बदलायला दहा मिनिटं लागली, डाग काढायला बारा दिवस गेले.

या बारा दिवसात मी दोन्ही उपाय करून बसलोय, आधी बाजारातला डिग्रीझर आणि मग मुलतानी मातीचा लेप. ज्याच्याकडे साधा सिमेंटचा कोबा आहे आणि काय करावं हे ठरत नाहीये त्याच्यासाठी हे लिहितोय. मी काही केमिकलवाला नाही, जे डोळ्यांनी दिसलं ते सांगतो.

बाकीचे सल्ले आधी बाजूला काढतो कारण ते सगळ्यांनाच मिळतात. पेट्रोल टाकू नका, आमच्याकडे एप्रिलमध्ये पारा ४४ च्या वर जातो आणि त्यात पोर्चमध्ये पेट्रोल ओतणं म्हणजे डोकं ठिकाणावर नसल्याचं लक्षण, शिवाय पेट्रोल डाग पातळ करून अजून खाली ढकलतं. टॉयलेटचं अ‍ॅसिड तर मुळीच नको. ते टाकल्यावर जो फेस येतो ना तो बघून माणसाला वाटतं काम झालं, पण तो फेस सिमेंटमधल्या चुन्याचा असतो, तेलाला अ‍ॅसिड काहीच करत नाही, डाग तिथंच आणि कोबा मात्र खरखरीत. त्यात कोणी आधी ब्लीचिंग पावडर टाकलेली असेल तर विषारी वायू निघतो तो वेगळाच. कोल्ड्रिंक ओतायचा सल्ला पण एका मित्रानं दिला होता, मी ते प्यायलो.

सोड्याचं मात्र जरा समजून घ्या, कारण इथं बरेच जण फसतात. माझा चुलतभाऊ म्हणे, अरे आमच्या ओट्यावर तळणाचं तेल सांडलं होतं ते धुण्याच्या सोड्यानं आणि गरम पाण्यानं एका दिवसात गेलं. गेलंच असेल. शेंगदाणा, सरकी, सोयाबीन ही झाडाची तेलं, त्यांचा सोड्यापासून साबण होतो आणि साबण पाण्याबरोबर निघून जातो. आम्हा अमळनेरकरांना हे काय सांगायचं, विप्रो आज कॉम्प्युटरची कंपनी म्हणून जगाला माहीत असली तरी १९४५ ला ती इथं वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स म्हणून सुरू झाली तेव्हा वनस्पती तूप काढायची आणि पुढं ७८७ नावाचा कपड्याचा साबण. पण इंजिन ऑईल जमिनीतून काढलेल्या खनिज तेलाचं, त्याचा साबण होत नाही, सोडा कितीही घासा. म्हणून स्वयंपाकघरातला अनुभव पोर्चमध्ये जसाच्या तसा चालत नाही.

तर आता खरा मुकाबला.

डिग्रीझर मी ऑटो पार्ट्सच्या दुकानातून आणला, अर्धा लिटरची बाटली, अडीचशेच्या आसपास पडली. हा तेलाचे बारीक बारीक थेंब करून त्यांना पाण्यात तरंगत ठेवतो, मग ते पाणी ओतून द्यायचं, एवढंच त्याचं काम. पहिल्या दिवशी मी दुपारी अकराला केलं, ती पहिली चूक, कारण टाकल्यावर दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचं असतं आणि उन्हात तो पाच मिनिटात वाळून पांढरा पापुद्रा झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला उठलो, कोबा गार असताना टाकला, कडक प्लास्टिकच्या ब्रशनं घासला (तारेचा ब्रश वापरू नका, तारेचे तुकडे अडकून राहतात आणि पावसाळ्यात गंजाचे ठिपके येतात), आणि खरं सांगायचं तर बघून जीव खूश झाला. ओल्यात डाग निम्मा पण दिसेना. संध्याकाळी कोबा वाळला आणि डाग परत. जरा फिका, पण परत. कोबा स्पंजसारखा असतो, वरचं तेल गेलं, आत मुरलेलं ऊन लागलं की हळूहळू वर येतं.

हे पण मी चालवून घेतलं असतं. दोनदा-तीनदा करावं लागतं असं दुकानदारानं आधीच सांगितलं होतं.

मला जे खरंच डोक्यात गेलं ते पाणी. एका वेळेला माझ्या सात-आठ बादल्या लागल्या, आणि आमच्या गल्लीत नळ येतो चार-पाच दिवसाआड, त्यात उन्हाळा. टाकी अर्ध्यावर आलेली बघून बायको काही बोलली नाही, पण तिनं त्या दिवशी कूलरमध्ये पाणी भरलं नाही, म्हणजे बोललीच. बरं तेही एक वेळ सोडा. आमच्या पोर्चचा उतार आहे गेटकडे, जसा सगळ्यांचाच असतो, आणि गेटच्या आत आई रोज सडा घालून रांगोळी काढते. मी मधला डाग घासून पाणी मारलं, ते काळपट फेसाळ पाणी उतारानं वाहत रांगोळीच्या जागेवरून गेटच्या चॅनलखाली जाऊन साचलं, तिथून बाहेर रस्त्यावर, आणि रस्त्यावर मस्त इंद्रधनुष्य पसरलं. समोरचे काका स्कूटर काढता काढता थांबले, खाली बघितलं, माझ्याकडे बघितलं, काही न बोलता वळसा घालून गेले. पाणी वाळल्यावर पोर्चच्या मधून गेटपर्यंत हातभर रुंद तपकिरी पट्टा. आधी एक डाग होता, आता वाट झाली. आईनं कमरेवर हात ठेवून बघितलं आणि म्हणाली, "डाग गया नही भाऊ, मोठा व्हयना." म्हणजे गेला नाही, उलट मोठा झाला.

त्यावर मी प्रेशर वॉशरचा पण विचार केला, ओळखीत एकाकडे आहे. पण त्याच्या घरी जाऊन त्याचा कोबा बघितला तर जिथं जिथं मारलंय तिथं पांढरे चट्टे, एका ठिकाणी वरची गुळगुळीत साय निघून वाळू दिसायला लागलेली. मग एकसारखं दिसायला अख्खा पोर्च धुवा. म्हणजे परत पाणीच.

आता लेप. ही आयडिया नवीन नाही, मुलतानी माती लोकरीतला तेलकटपणा काढायला जुन्या काळापासून वापरतात, चेहऱ्याला लावतात ती पण त्याचसाठी. किराणा दुकानात सुटी मिळते, किलोभर शंभराच्या आत आली. त्यात पेंटवाल्याकडचं टर्पेंटाइन घालून कालवायचं, थालीपीठाच्या पिठापेक्षा थोडं सैल, थापलं की जागेवर राहील असं. डागावर आणि त्याच्या बाहेर चार बोटं, अर्धा सेंटिमीटर जाड थापायचं. टर्पेंटाइन खाली शिरून तेल सैल करतं, मग वाळताना ते वर चढतं आणि तेलाला बरोबर घेऊन मातीत येतं, दिव्याची वात तेल ओढते तसंच. वरून प्लास्टिक झाकायचंच, मी खताच्या गोणीतलं आतलं प्लास्टिक घेतलं आणि कडेनं विटा ठेवल्या, नाहीतर आपल्या उन्हात टर्पेंटाइन आत शिरायच्या आधीच उडून जाईल. एक दिवस झाकलेलं, दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढून वाळू द्यायचं, मग पत्र्यानं खरवडून घ्यायचं. पहिल्या वेळेला खरवडलेली माती चहाच्या चोथ्यासारखी निघाली, तो रंग बघून जे समाधान झालं ते डिग्रीझरच्या फेसानं झालं नव्हतं. तेल कुठं गेलं ते हातात दिसत होतं ना.

तीन वेळा केलं. पाणी लागलं शेवटी एक बादली, सर्फ टाकून वरचा धुरळा पुसायला.

लेपाचा वैताग काय, तर वेळ. प्रत्येक फेरी दोन दिवसाची, तेवढे दिवस गाडी बाहेर, पोर्चमध्ये प्लास्टिक आणि विटा, येणारा-जाणारा विचारतो लादी बसवताय का. वास पण येतो पहिले काही तास, आणि टर्पेंटाइन पेट घेतं म्हणून विडी-सिगारेटवाल्यांना लांब ठेवा, गॅस गीझर शेजारी असेल तर नकोच. खरवडलेली माती गटारीत किंवा झाडाच्या आळ्यात टाकू नका, उघड्यावर एक दिवस पसरून टर्पेंटाइनचा वास गेल्यावर पिशवीत बांधून कचऱ्यात द्या. आणि माती नाही म्हणून कोणी सिमेंट पसरा म्हणेल तर ऐकू नका, चुकून पाणी लागलं की ते तिथंच बसतं आणि मग डागावर टेकडी.

डिग्रीझर वाईट आहे असं मी म्हणत नाही हं. तुमची स्वतःची बोअर आहे, पोर्चचं पाणी रस्त्यावर न जाता कुठं तरी नीट अडवता येतं, डाग कालचा-परवाचा आहे, किंवा डाग एक नसून पाच-सहा ठिकाणी आहेत, तर डिग्रीझरच घ्या, सगळीकडे माती थापत बसायला आयुष्य पुरणार नाही. फक्त पाणी मारायच्या आधी डागाभोवती मातीचा किंवा भुशाचा बांध घाला आणि काळं पाणी चिंधीनं टिपून घ्या, हे मला कोणी सांगितलं असतं तर हा अर्धा लेख लिहायची वेळच आली नसती कदाचित. पण जुना, आत मुरलेला एकच डाग आणि नळ चार दिवसाआड, असं असेल तर मला वाटतं लेपाला पर्याय नाही. निदान मला तरी सापडला नाही.

तेल आत्ता सांडलं असेल तर दोन्ही राहू द्या. चुलीची राख टाका, वखारीतला भुसा टाका, आणि घरात कपाशी पडलेली असेल तर न धुतलेला कच्चा कापूस दाबून ठेवा. कच्च्या कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेण असतं, त्यामुळे तो पाणी लवकर घेत नाही पण तेल चटकन पितो. घासायचं नाही, नुसतं दाबायचं. पेव्हर ब्लॉकवाल्यांनी तर एवढं वाचायचीच गरज नव्हती, चार ब्लॉक काढा आणि उरलेल्यातले चार बसवा.

माझ्या पोर्चमध्ये आता त्या जागी एक सावली आहे, कोबा ओला झाला की दिसते, वाळला की शोधावी लागते. गेटकडचा तो पट्टा मात्र अजून पूर्ण गेलेला नाही, त्यावर लेप लावायचा म्हणजे तीन किलो माती, आणि आई म्हणते तिच्या रांगोळीवर आता मी काहीच थापायचं नाही. आखाजीला ताई आली तेव्हा तिसरा लेप चालू होता. गेटमधून आत आल्या आल्या तिनं विटा ठेवलेलं प्लास्टिक बघितलं आणि विचारलं, इथं काय पुरलंय रे?