आरपायथॉन: सात महिने ‘इव्हॅल’शिवाय

पायपाय (पायथॉनचे प्रोग्रॅम वेगात चालवणारं सॉफ्टवेअर) ज्या भाषेत लिहिलंय, त्या आरपायथॉनमध्ये मी सात महिन्यांपूर्वी छोटा इंटरप्रिटर, म्हणजे दुसऱ्या भाषेतला कोड वाचून चालवणारा प्रोग्रॅम, लिहायला घेतला. हिशेबाची सूत्रं चालवणारी घरगुती भाषा, एवढंच. पायथॉनचाच काटछाट केलेला भाग, त्यात अवघड काय, असं वाटलं होतं.

पहिल्याच आठवड्यात तोंडघशी पडलो. सूत्राचा मजकूर जुळवून इव्हॅलच्या, म्हणजे मजकुरालाच कोड मानून चालवणाऱ्या फंक्शनच्या, हवाली करायचा, ही माझी जुनी खोड. टेस्ट सगळ्या पास, कारण हा कोड साध्या पायथॉन २.७ वरही चालतो आणि तिथे इव्हॅल असतोच. ट्रान्सलेशनला, म्हणजे सगळ्या कोडचं सी भाषेत रूपांतर करायला, लावल्यावर मात्र त्यातला ॲनोटेटर नावाचा भाग अडून बसला. तो सुरुवातीच्या फंक्शनपासून निघून प्रत्येक व्हेरिएबलचा टाइप (आकडा, मजकूर की आणखी काही) ठरवत जातो, मग सगळ्याचं सी होतं. प्रोग्रॅम चालू असताना जन्मणाऱ्या कोडचा टाइप त्याला आधी कुठून कळणार? म्हणून इव्हॅल नाही, त्याचा भाऊ एक्झेक नाही, चालत्या फंक्शनच्या पोटात नवा डेफ (फंक्शनची व्याख्या) किंवा क्लास नाही. क्लोजर (भोवतालची व्हेरिएबल लक्षात ठेवणारं फंक्शन) हवा तिथे मी एक ‘कॉल’ मेथड असलेला क्लास लिहितो. टायपिंग वाढतं, पण चूक शोधणं सोपं जातं.

जे फंक्शन कुणी बोलावतच नाही, तिकडे ॲनोटेटर फिरकतही नाही. माझा एक इव्हॅल असाच दीड महिना दडून बसला होता!

ही बंदी फक्त ट्रान्सलेशननंतरच्या काळाला आहे, हे उमगायला मला दोन महिने लागले. ट्रान्सलेटर फाइल वाचत नाही. इम्पोर्ट झाल्यावर मेमरीत तयार असलेली फंक्शनं आणि क्लास तो बघतो. त्यामुळे इम्पोर्टच्या वेळी अख्खा पायथॉन मोकळा. बेरीज, वजाबाकी, तुलना यांचे नोड (सूत्राच्या झाडातला एकेक घटक) क्लास मी आता एका लूपमध्ये बनवतो, एका ठिकाणी चक्क एक्झेक वापरून. स्वयंपाक घरीच उरकून डबा घेऊन निघायचं, गाडीत चूल पेटवायची नाही.

त्यावर कडी म्हणजे जेआयटी (जस्ट-इन-टाइम कंपायलर). लूपच्या तोंडाशी मर्ज पॉइंट (जेआयटीसाठीची खूण) ठेवला, कोणते व्हेरिएबल ‘हिरवे’ (सूत्रात आपण कुठे आहोत ते सांगणारे) आणि कोणते ‘लाल’ (बाकीचे) ते सांगितलं, की तयार बायनरी चालता चालता मशीन कोड बनवू लागते. मला मात्र तिथे साधा लॅम्डा (बिननावाचं फंक्शन) जन्माला घालायची सोय नाही.

तक्रारी आहेतच. टाइप जुळले नाहीत की येणारा ‘युनियन एरर’ वाचून नेमकी ओळ सापडेपर्यंत जीव मेटाकुटीला येतो. ‘ट्राय’मध्ये ‘इंडेक्स एरर’ पकडला नसेल तर लिस्टची हद्द तपासलीच जात नाही, प्रोग्रॅम सरळ कोसळू शकतो. बारीकशा बदलालाही पुन्हा ट्रान्सलेशन, तेवढा वेळ टर्मिनलवर उमटणारं मँडेलब्रॉटचं (एका गणिती नक्षीचं) चित्र बघत बसायचं. शिवाय पायथॉन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला संपला, तरी इथे तोच लागतो. नुसती स्क्रिप्ट वेगात पळवायची असेल तर या वाटेला जाऊच नका, सरळ पायपायवर चालवा.

माझ्या सूत्रांच्या भाषेत मात्र गेल्याच आठवड्यात मी इव्हॅल दिला. मजकूर पार्स करायचा (तोडून त्याची रचना ओळखायची), नोडचं झाड उभारायचं, चालवायचं. आरपायथॉनच्या लेखी तो निव्वळ डेटा, त्यामुळे ॲनोटेटरने हूं की चूं केलं नाही.