काळ्या दगडाच्या मुलखात जीएफएक्स ५०एस टू: पावसाळा आणि हिवाळा वापरल्यानंतर

मराठवाड्यात लँडस्केप काढायचं म्हणजे काळ्या रंगाशी गाठ असते. वेरूळचा दगड काळा, देवगिरीचा कडा काळा, बालाघाटावरची नांगरट काळी, आणि या सगळ्यावर सकाळी दहालाच पांढरंफटक पडलेलं आभाळ. माझ्या आधीच्या फुलफ्रेम (३५ मिलिमीटर फिल्मच्या फ्रेमएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यात आभाळ सांभाळलं की दगडाचा नुसता डाग उरायचा. तो डाग एडिटिंगमध्ये उजळायला गेलं की त्यात जांभळट-हिरवे ठिपके यायचे. या एका कारणासाठी पावसाळ्याच्या तोंडावर फुजीफिल्म जीएफएक्स ५०एस टू आणि सोबतची ३५-७० मिलिमीटरची झूम लेन्स सेकंडहँड घेतली. आता शाळू काढणीला आलाय, म्हणजे लिहिण्याइतका वापर नक्कीच झालाय.

कॅमेरा २०२१ चा. सेन्सर ४३.८ बाय ३२.९ मिलिमीटर, ५१.४ मेगापिक्सेल. क्षेत्रफळ फुलफ्रेमच्या साधारण १.७ पट भरतं. जुन्या मिडियम फॉरमॅट कॅमेऱ्यांच्या १२० नंबरच्या रुंद फिल्मवरची सिक्स बाय सिक्सची (सहा बाय सहा सेंटिमीटर म्हणवणारी) फ्रेम ५६ मिलिमीटर चौरस असते, त्यामुळे फिल्मवर हात बसलेले जुने लोक याला पुरता मिडियम फॉरमॅट मानत नाहीत. त्यांचं चूक नाही. पण मला हवे होते ते सावलीतले तपशील, आणि ते इथे मिळाले.

कैलास लेण्याचं उदाहरण घ्या. वरून खाली कोरत आणलेलं मंदिर, भोवती कापलेले उभे कडे. अंगणात उभं राहिलं की डोक्यावर उजेडाचा चौकोन आणि भिंती सावलीत. इथे मी ढगांसाठी एक्स्पोजर घेतो. स्क्रीनवर मंदिर जवळजवळ काळं दिसतं, नवख्या माणसाला धडकी भरेल इतकं. घरी येऊन रॉ फाइलमध्ये (सेन्सरने टिपलेल्या कच्च्या फाइलमध्ये) सावल्या तीन स्टॉप वर घेतल्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) की भिंतीवरचे छिन्नीचे घाव एकेक करून वर येतात, आणि दगड करडा न पडता काळाच राहतो. तो काळा राहणं महत्त्वाचं आहे. बेसाल्टमध्ये तपकिरी, निळसर, शेवाळी अशा किती छटा असतात, हे मी इतकी वर्षं वेरूळला जाऊनही फोटोत कधी पाहिलं नव्हतं.

एक खूण सांगून ठेवतो. कॅमेऱ्यातला हिस्टोग्राम (फोटोत उजेड-अंधार किती ते दाखवणारा आलेख) कॅमेऱ्याने रंगवलेल्या तयार जेपीईजी फोटोवरून बनतो, रॉवरून नाही. म्हणून फिल्म सिम्युलेशन (फिल्मसारखे रंग देणारी कॅमेऱ्यातली सेटिंग) इटर्नावर ठेवा. त्याचा कॉन्ट्रास्ट कमी असल्यामुळे आभाळ खरंच कुठे पांढरं पडून तपशील हरवतोय याचा अंदाज जास्त बरोबर येतो. वेल्व्हिया या भडक सेटिंगवर ठेवलंत तर कॅमेरा घाबरवतो आणि तुम्ही विनाकारण फोटो अंधारे काढत बसता.

वेरूळ-अजिंठ्याला ट्रायपॉड लावायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. तिथे बॉडीतलं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी यंत्रणा) कामाला येतं. कंपनी साडेसहा स्टॉपचा दावा करते. श्वास रोखून, खांबाला टेकून सेकंदाच्या आठव्या भागापर्यंत मला बहुतेक फ्रेम धारदार मिळतात. (वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी. गाडी काढण्याआधी वार बघा.) अजिंठ्याच्या व्ह्यूपॉइंटवरून वाघूर नदीचा नालाकृती कडा घ्यायला ६५:२४ चा लांबट रेशो वापरा. पावसाळी ढगाळ दिवस असेल तर कड्यावरचं हिरवं आणि लेण्यांची काळी तोंडं दोन्ही एका फ्रेममध्ये नीट बसतात.

पण या कॅमेऱ्यावर माझा खरा जीव जडला तो धुईत, म्हणजे दाट धुक्यात. डिसेंबरात बालाघाटावर पहाटे धुई उतरते. बांधावरची बाभूळ, तिच्यामागे तूर, तिच्यामागे लिंबाचं झाड, त्याच्यामागे टेकडी. प्रत्येक थर आधीच्यापेक्षा किंचित फिका. पांढऱ्यातून पांढऱ्यात जाणारे हे टप्पे आधीच्या कॅमेऱ्यात एडिटिंग करताना पट्ट्या-पट्ट्यांनी तुटायचे. इथे ते विरघळत जातात. या फोटोंचा आनंद पुरा घेता येत नाही, कारण धुई पडली की तुरीचा फुलोरा गळतो आणि ज्याच्या बांधावर आपण उभे असतो त्याचं वर्ष जातं. म्हणून अशा सकाळी आधी मालकाला रामराम घालायचा, चार शब्द बोलायचे, मग कॅमेरा काढायचा. हे मी इथे मुद्दाम लिहितोय.

ट्रायपॉडचंही तेच. रानात ट्रायपॉड उभा केला की लांबून आवाज येतो, "मोजणी करायलाव का हो?" शक्तिपीठ महामार्गात जमिनी जाणार म्हणून त्याच्या मोजणीला आपल्याकडे गावोगाव विरोध झालाय, तेव्हा हा प्रश्न सहज विचारलेला नसतो. मी मागची स्क्रीन वर वळवतो आणि म्हणतो, "नाही मामा, या, बघा." मामा स्क्रीनमध्ये आपलं रान बघतात, बोटांनी मोठं करून आपली विहीर शोधतात, आणि मग कुठल्या बांधावरून सूर्य चांगला दिसतो ते स्वतःच सांगतात.

मर्यादा थोडक्यात. ऑटोफोकस फक्त कॉन्ट्रास्ट पद्धतीचा, म्हणजे हलत्या गोष्टींना संथ, आणि सलग फोटोही सेकंदाला तीनच. नाथसागरावर फ्लेमिंगो टिपायला हा कॅमेरा नेऊ नका. उन्हाळ्यात पाणी हटल्यावर उघड्या पडलेल्या गाळात पेरलेली गाळपेर टिपायला मात्र जरूर न्या. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये वाऱ्यावर हलणारी कणसं वाकडी येतात, मेकॅनिकलच वापरा. सेन्सर मोठा, म्हणून डेप्थ ऑफ फील्ड (जवळपासून लांबपर्यंत जेवढं धारदार दिसतं ते) कमी. लेन्सचं तोंड एफ/११ ला ठेवलं की ते इथे फुलफ्रेमच्या साधारण एफ/८.७ सारखं वागतं. पायाशी ढेकळं आणि लांब किल्ला असं हवं असेल तर फोकस ब्रॅकेटिंग, म्हणजे फोकस सरकवत काढलेले अनेक फोटो नंतर जोडणं, करावं लागतं. अनकॉम्प्रेस्ड रॉ १०० एमबीच्या वर जाते, लॉसलेसवर (तपशील न गमावता फाइल लहान करणाऱ्या पर्यायावर) ठेवा. लॅपटॉपची रॅम आधी वाढवा.

बॉडी आणि ही लेन्स मिळून १.३ किलोच्या आत, म्हणजे गड चढताना त्रास नाही. फिल्टर ६२ मिलिमीटरचे, तुलनेने स्वस्त. नळदुर्गला बोरी नदीचं पाणी नर-मादी धबधब्यांवरून कोसळत असताना तुषारांत उभा राहिलो, कॅमेऱ्याच्या पाणी-धूळ रोखणाऱ्या सीलिंगने साथ दिली. ओल्या दगडावर चकाकी कमी करणारा पोलरायझर फिल्टर लागतोच. कॅमेरा ४० अंशांपर्यंत चालवायचा असं कंपनी सांगते. आपला मे त्याच्या वर जातो, तेव्हा उन्हात बॉडीवर ओला केलेला पांढरा रुमाल धरायचं ठरवलंय.

प्रिंट ३०० डीपीआयला साधारण २७ बाय २० इंचांचा निघतो. मोठे प्रिंट काढणार नसाल, फोटो फोनवरच राहणार असतील, तर एवढे पैसे घालू नका.

सेकंडहँड घेताना एफ/१६ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून सेन्सरवरची धूळ बघा, लेन्स ३५ वरून ७० पर्यंत फिरवून चारही कोपरे तपासा, आणि दोन्ही कार्ड स्लॉट चालतात का ते विक्रेत्यासमोरच पाहून घ्या.