प्लेटोवर सात महिने: चुकलेल्या शब्दाखालची रेघ

मी गाड्यांचे मेकॅनिक घडवतो. आमच्याकडच्या विकतच्या सॉफ्टवेअरनं एका पोराचं बरोबर उत्तर निव्वळ स्पेलिंगपायी चूक ठरवलं. तीनदा तक्रार केली. ‘पर्यायांचे प्रश्न टाका’ एवढंच उत्तर आलं. त्या संतापात संगणकावर धडे शिकवणाऱ्या ‘प्लेटो’ या जुन्या प्रणालीकडे वळलो. १९६० साली डॉन बिट्झर यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात सुरू केलेली ही प्रणाली हौशी मंडळींनी आजच्या संगणकावर चालती ठेवलीय, तीही फुकट.

प्लेटोचा चपटा प्लाझ्मा पडदा, त्यावरची नारिंगी अक्षरं यांचं कौतुक नेहमीच होतं. मला बोलायचंय ते उत्तर तपासण्याबद्दल. ‘हायड्रॉलिक’ची दोन अक्षरं माझ्याकडून उलटसुलट पडली. ‘नो’ आलं, पण त्या शब्दाखाली ‘=’ अशा चिन्हांची रेघही आली. म्हणजे शब्द ओळखला, स्पेलिंग तेवढं बघ. जास्तीच्या शब्दाखाली फुल्या येतात. पन्नास वर्षांपूर्वीची ही सोय आम्ही पैसे मोजूनही मिळवू शकलो नाही!

पहिले दोन महिने मात्र डोकं उठलं होतं. उत्तर बरोबर येईपर्यंत पाठ पुढे सरकतच नाही. एकदा अर्धा तास अडकलो, समोर नुसतं ‘नो’. ‘याच्या नादी लागू नका’ असं मित्रांना कळवलंही होतं. ते आता मागे घेतो.

कारण त्या हौशी मंडळींकडे परवानगी मागून मी ट्यूटर या प्लेटोचे पाठ लिहायच्या भाषेत ब्रेकवर पाठ लिहिला. ‘आन्सर’पुढे बरोबर उत्तर द्यायचं, ‘राँग’पुढे पोरं काय चुकतील ते, आणि त्याखाली त्यांना काय सांगायचं ते. नुसतं ‘नो’ येतं, ते लिहिणाऱ्यानं चुकांचा विचार केला नाही म्हणून. पेडल स्पंजी का लागतं? पोरं म्हणतात, ऑइल कमी. तिथं मी लिहिलं: ‘पातळी ठीक आहे. चारदा दाबल्यावर पेडल घट्ट होतं का?’ ब्रेकचं अर्धवट समजलेला पोरगा पुढे जाऊच नये, हे आता मला मनापासून पटतं.

१९७० च्या दशकात आर्पा या अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेच्या पैशांतून प्लेटो-४, म्हणजे प्लेटोची चौथी आवृत्ती, अमेरिकी लष्कराच्या प्रशिक्षणात गेली. इलिनॉयमधल्याच शानूट हवाई तळावर त्यावर वाहनदुरुस्ती शिकवली. म्हणजे माझाच विषय! तेव्हा मेमरी महाग, म्हणून चित्र लक्षात ठेवणारा पडदाच बनवला. ही काटकसर मला फार आवडली.

गेल्या आठवड्यात त्याच पोराला बसवलं. रेघ आली, त्यानं शब्द सुधारला आणि पुढे गेला. जुन्या सॉफ्टवेअरचे पैसे यंदा भरायचे नाहीत, असं ऑफिसला लेखी कळवलंय.