आमसुलं, मनुका, क्रॅनबेरी: वाटीने मोजावं की काट्यावर?

"आत्या, यात एक कप क्रॅनबेरी लिहिलीय आणि पाकीट शंभर ग्रॅमचं आहे. पुरेल?" मे महिन्यात वेंगुर्ल्याला आलेल्या भाचीने विचारलं. पुरणार नव्हतं. अमेरिकन कप साधारण 240 मिलीचा. त्यात सुकी क्रॅनबेरी सुटी भरली तर 120 ग्रॅमच्या आसपास बसते.

केक, बिस्किटं किंवा ब्रेड करणार असाल तर काटा घ्याच, असं मी ठामपणे सांगेन. मनुकाच बघा. त्याच कपात सुट्या टाकल्या तर सुमारे 145 ग्रॅम, बोटांनी दाबून भरल्या तर 165. कप तोच, मनुका त्याच, आणि फरक 20 ग्रॅमचा. कृती लिहिणाऱ्याने दाबून भरल्या होत्या की सुट्या, हे आपल्याला कुठून कळणार? शिवाय चिकट मनुका वाटीला धरून बसतात. काट्यावर पातेलं ठेवलं, शून्य केलं, की थेट त्यातच टाकता येतात.

काटा घ्यायचा नसेल तर आपली वाटी एकदा नीट ओळखून ठेवा. कोकणात आपण पिढ्यान्‌पिढ्या मापानेच मोजत आलो आहोत: दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. पण भाताचा दाणा मापात सारखा बसतो आणि माप ठरलेलं असतं. घरातल्या वाटीचं तसं नाही, प्रत्येक घरची वेगळी. शेजारच्या घरून काटा आणा, वाटीत काठोकाठ पाणी भरून पाण्याचं वजन करा. जितके ग्रॅम पाणी, तितके मिली वाटी. मग सुट्या भरलेल्या मनुकांसाठी त्या आकड्याला 0.6 ने गुणा, क्रॅनबेरीसाठी 0.5 ने. सुक्या ब्लूबेरीला 0.65 धरा. उत्तर ग्रॅममध्ये येतं आणि घरच्या केकला ते पुरतं.

आमसुलाला मात्र यातलं काहीच सरळ लागू होत नाही. कोकमाची साल मिठात आणि तिच्याच रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवलेली असते. चांगलं आमसूल हातात घ्या: काळपट जांभळं, मऊ, कडेला दुमडलेलं, बोटाला रस लागतो. अशी चार-पाच वाटीत टाकली की मध्ये पोकळीच पोकळी. दाबलं की वाटी अर्ध्यावर येते. म्हणून आमसुलाला वाटी मला अजिबात पटत नाही.

काटाही पूर्ण भरवशाचा नाही. मिठामुळे आमसूल हवेतला ओलावा ओढतं. वैशाखात भरलेली बरणी आषाढात उघडा, तळाशी पाणी सुटलेलं दिसेल. त्यामुळे पावसाळ्यातल्या 100 ग्रॅममध्ये पाण्याचा वाटा जास्त आणि आंबटपणा कमी. गणपतीत चाळीस माणसांची सोलकढी करताना मी वजनाने आमसुलं भिजत घालते, कारण एवढी मोजत बसणं शक्य नसतं. पण थोडी बाजूला काढून ठेवते आणि चव बघून मग घालते. एकदा दमट आमसुलांवर उन्हाळ्यातला हिशोब लावला होता आणि कढी पुचाट झाली, तेव्हापासूनची ही सवय.

रोजच्या आमटीसाठी नग मोजावेत. तीन-चार आमसुलं वजनाने इतकी हलकी की घरगुती काट्यावर एका ग्रॅमची चूकसुद्धा मोठी ठरते. डोळ्याला मात्र लहान-मोठं लगेच कळतं. लहान असतील तर एक जास्त टाकायचं.

खूण म्हणून एवढंच सांगते: परदेशी कृती आणि साखर-मैद्याचं काम असेल तर काटा, घरचाच नेहमीचा शिरा किंवा खीर असेल तर ओळखीची वाटी, आणि कोकमाला बोटं.

भाचीने जाण्याआधी कपाटाच्या दाराला आतून चिठ्ठी चिकटवली: "वाटी 160 मिली. मनुका 96 ग्रॅम. क्रॅनबेरी 80 ग्रॅम. आमटीला आमसुलं चार."