नदीकाठच्या घराचं रिनोव्हेशन: काम भारी, बिजागऱ्या भंगार

कोल्हापुरात शुक्रवार पेठेत जामदार क्लबजवळ आमचं जुनं घर आहे, काळ्या दगडाचं जोतं, वर भाजक्या विटा, गच्चीवरनं पंचगंगा दिसते. २०१९ ला आणि परत २०२१ ला खालचा मजला पाण्यात गेला, त्यानंतर सगळं घर नीट करून घेतलं आणि ज्यांच्याकडनं करून घेतलं त्यांच्या कामाबद्दल हे लिहितोय. नावं मुद्दाम टाकत नाही, कोल्हापुरात कोण कुणाचा पाहुणा निघेल सांगता येत नाही. एक सिव्हिल इंजिनिअर, त्याचा मिस्त्री आणि एक सुतार, एवढीच टीम. ऑफिस पण नावालाच आहे, एका दुकानावरची खोली.

यांच्याआधी एक बाहेरची डिझाईन फर्म येऊन बघून गेलेली. प्रेझेंटेशन बघून आई खूशच झाली, नदीकडच्या बाजूला जमिनीपासून छतापर्यंत काच, सागवानी डेक, खाली पीओपीचं सीलिंग, आणि जिन्याला ३१६ ग्रेड स्टीलचं रेलिंग. फोटो सगळे गोव्याचे नाहीतर अलिबागचे. आता ३१६ लागतं ते खाऱ्या हवेला, त्यात मॉलिब्डेनम असतं त्यामुळं मिठाला ते जास्त दाद देत नाही, मालवणला आत्याकडं साधं ३०४ चं रेलिंग तपकिरी डागांनी कसं भरलंय ते मी बघितलंय, तिथं ते पैसे घालणं बरोबरच आहे. पण पंचगंगेत मीठ कुठलं? समुद्राकाठचं घर खाऱ्या हवेनं रोज थोडं थोडं खाल्लं जातं. इथं नदी वर्षभर गप असते आणि जुलै-ऑगस्टला एकदम घरात येऊन मुक्काम ठोकते, जाताना गाळ ठेवून जाते. पीओपी पाण्यात भिजल्यावर त्याचा नुसता चिखल होतोय हे त्या पोरांना कोण सांगणार, त्यांनी पूर टीव्हीवरच बघितलेला.

इंजिनिअरनं पहिल्या भेटीत बजेट विचारलंच नाही. वडिलांना म्हणाला, "अण्णा, एकवीसला पाणी कुठवर आलतं ती खूण दाखवा." मग टेप लावून राजाराम बंधाऱ्यावर, जिथं पंचगंगेची पातळी मोजतात, तिथं किती फूट झालं की आमच्या उंबऱ्याला पाणी लागतं याचा हिशोब काढला. ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे आपल्याकडं शेंबड्या पोराला पण पाठ असतंय, पण आपल्या उंबऱ्याचा आकडा किती हे आम्हाला आजवर कुणी काढून दिलं नव्हतं. आमचा ४५ च्या आसपास निघाला. २०१९ ला नदी ५५ च्या वर आणि २०२१ ला ५६ च्या वर गेलेली, म्हणजे काय झालं असेल ते तुम्हीच धरा.

अण्णांचं म्हणणं होतं की दाराला रबर लावलेलं लोखंडी गेट बसवू, पाणी आतच येऊ द्यायचं नाही. यावर त्यानं कागदावर आकडेमोड करून दाखवली, बाहेर तीन फूट पाणी आणि आत कोरडं असलं तर दहा फूट लांबीच्या भिंतीवर सव्वा टनाच्या वर रेटा येतो, आणि पाण्याची उंची दुप्पट झाली की तो दुप्पट नाही तर चौपट होतो, जुनी विटांची भिंत ते सोसत नाही, घर वाचवायच्या नादात भिंतच आत येणार. त्यापेक्षा पाणी आत येऊ द्या आणि बाहेर जायला वाट ठेवा. म्हणून मागच्या भिंतीत जमिनीलगत जाळीची भोकं ठेवली आणि फरशीचा सगळा उतार तिकडं दिला. मला हे पटायला वेळ लागला, घरात पाणी येण्याची सोय आपणच पैसे देऊन करून घ्यायची म्हणजे कसंतरीच वाटतंय.

मग बाकीचं त्यावरच ठरत गेलं. स्वयंपाकघर वर गेलं, मेन बोर्ड आणि इन्व्हर्टर वर, खालच्या बटणांच्या वायरी वरनं खाली आणल्या. खाली प्लायवूड बंद, कडाप्प्याचे कप्पे आणि डब्ल्यूपीसीची, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या फळीची, दारं. आईनं महिनाभर तोंड फुगवलेलं, पाहुणे आले की चहाचा ट्रे घेऊन जिना कोण उतरणार म्हणून, आणि खरं सांगायचं तर तिचं चुकीचं नाही, अजून रोज तो त्रास आहेच.

मिस्त्रीमामांचं काम मात्र बघण्यासारखं. जुना गिलावा सगळा काढला आणि भिंती तशाच उघड्या ठेवल्या, लोणा म्हणजे भिंतीतला पांढरा खार फुटायचा, ते ब्रशनं झाडायचे, परत फुटायचा. आम्ही घाई करत होतो तर म्हणाले, "वहिनी, भिंत आतनं वली हाय, आत्ता पुट्टी मारली की दिवाळीपर्यंत पापुद्रं निघतील." शेवटी चुन्याचा गिलावा केला, पुट्टी नाहीच. दिसायला थोडा खडबडीत आहे, सोसायटीतल्या फ्लॅटची सवय असलेल्यांना आवडणार नाही.

मागं एक खोली वाढवून मागितली होती, त्याला इंजिनिअरनं सरळ नाही म्हटलं. निळी पूररेषा साधारण २५ वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या, आणि निळ्याच्या आत नवं बांधकाम चालत नाही. दुसरा कुणी असता तर करून देऊन मोकळा झाला असता.

२०२४ च्या जुलैत नदी ४५ च्या वर गेली तेव्हा पहिली परीक्षा झाली. सुतारमळ्यात पाणी आल्याची बातमी आली तसं आम्ही सामान वर घेतलं, खालच्या खोलीत पाणी घोट्याच्या वर आलं, आणि उतरताना त्याच भोकातनं निघून गेलं, गाळ ओला असतानाच पाईप मारून धुतला. संडासाच्या लाईनला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवलाय त्यामुळं गटारीचं पाणी उलटं वर आलं नाही, आधीच्या दोन्ही वेळी सगळ्यात घाण तीच झालेली. या एका व्हॉल्व्हसाठी मी त्यांना पैकीच्या पैकी देईन, फक्त पावसाळ्याआधी तो उघडून साफ करावा लागतो, एखादी चिंधी अडकली की झालं.

आता सुताराकडं येऊ. डब्ल्यूपीसीत स्क्रू लाकडासारखा घट्ट धरत नाही हे त्याला माहीत असायला पाहिजे होतं, दोन दारं लोंबकळायला लागली, आणि बिजागऱ्या साध्या लोखंडी, एका पुरात गंजून लाल. पहिली फर्म सगळीकडं ३१६ घालायला निघालेली आणि यांनी जिथं ३०४ पाहिजे तिथं पण घातलं नाही. मोरीचा एक कोपरा उतारात चुकलाय, तिथं पाणी साचतं. काम ठरल्यापेक्षा चांगलंच लांबलं आणि बिल कोटेशनच्या वर गेलं, पण वाढलेलं प्रत्येक काम वहीत लिहून सही घेऊन केलेलं, त्यामुळं भांडायला जागा नव्हती.

इंजिनिअर आणि मिस्त्री पाचाला साडेचार, सुतार दोन. काचेतनं नदी बघायची असेल तर हे लोक तुमच्या कामाचे नाहीत, खिडक्या आहेत तेवढ्याच राहिल्या. बिजागऱ्या बदलायला सुतार येतो म्हणालेला, गणपती गेले, दसरा गेला, फोन केला की "वाटेतच हाय" म्हणतोय.