पाचट जाळायचं की सरीत कुजवायचं?

निपाणी-चिकोडीकडे ऊस तुटला की मागे राहिलेल्या पाचटाला, म्हणजे वाळलेल्या पानांना, दोनच वाटा. काडी लावली तर रान लगेच मोकळं. पाचट ठेवलं तर बुडखे छाटा, पाचट सरीत दाबा, वर युरिया, सुपर फॉस्फेट, पाचट कुजवणारे जिवाणू टाका. मजूर मिळत नाहीत, ही अडचण खरीच आहे.

कार्बनचा हिशेब मात्र सरळ नाही. जाळलेल्या पाचटाचा कार्बन डायऑक्साइड देशाच्या हरितगृह वायूंच्या मोजणीत धरत नाहीत, कारण पुढचं पीक तो परत ओढून घेतं. धुरातले मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मात्र धरतात. एक किलो नायट्रस ऑक्साइड १०० वर्षांच्या हिशेबात सुमारे २७३ किलो कार्बन डायऑक्साइडइतका तापदायक. शिवाय पाचटातलं बरंचसं नत्र धुरात जातं, ते भरून काढायला पुन्हा युरियाच! आणि ४५ किलोंची एक गोणी रानात विरघळली की सुमारे ३३ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो मोजणीत येतो.

कुजणाऱ्या पाचटातूनही वायू सुटतो, मातीत थोडाच कर्ब (कार्बन) टिकतो. पण ओल धरते, आणि अथणीच्या कमी पावसाच्या रानात तेच मोलाचं. खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांतून फुटणारं पुढचं पीक, ठेवणार असाल तर काडी लावूच नका. ऊस मोडणार असाल तर पाचटाची कुट्टी करून मातीत गाडा.