पूर्ण जुळणारा परका की निम्मा जुळणारा घरचा?

रक्त बनवणाऱ्या पेशींच्या ट्रान्सप्लांटसाठी सख्ख्या भावंडाचा एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा, पूर्ण जुळला, तर डॉक्टर सहसा तोच डोनर धरतात. पण ती शक्यता चारात एक, आणि माझी एकुलती बहीण जुळली नाही. मला एएमएल हा रक्ताचा कॅन्सर होता, ट्रान्सप्लांट टळणार नव्हतं. उरले दोन रस्ते: रेजिस्ट्रीतला, म्हणजे नोंदणी केलेल्या डोनरांच्या यादीतला, दहापैकी दहा खुणा जुळणारा अनोळखी डोनर, किंवा विशीतला माझा मुलगा, म्हणजे हॅप्लो, निम्मी जुळणी.

सुरुवातीला माझा कल रेजिस्ट्रीकडे होता. आपल्याकडे नोंदणी थोडी, तरी डोनर निघाला याचाच आनंद मोठा. मग वाट पाहणं सुरू झालं. आधी त्याची फेरतपासणी, मग फिटनेस, मग त्याच्या सोयीची तारीख. ती दोनदा पुढे गेली. त्या माणसावर माझा राग नाही. तो एका परक्यासाठी पुढे आला होता. पण डोनरचं नाव-गाव गुप्त, विचारायचं कुणाला? रेमिशन, म्हणजे आजार दबलेला, टिकवायला मला आणखी एक केमो घ्यावी लागली. दर रिपोर्टला ब्लास्ट, म्हणजे कॅन्सरच्या पेशी, परत दिसतील या धास्तीने पोटात गोळा यायचा. माझा निर्णय त्या आठवड्यांनीच केला.

मुलाच्या बाबतीत, माझ्या रक्तात त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी नाहीत एवढं कळलं आणि तारीख आमच्या हातात आली. पाच दिवस, पेशी रक्तात उतरवणारी जीसीएसएफची इंजेक्शनं घेताना त्याची कंबर ठणकली, ते बघवत नव्हतं.

हॅप्लो सोपं नाही. पेशी चढवल्यावर मला सडकून ताप आला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड हे केमोचं औषध दिलं. आपल्या शरीरावर उठणाऱ्या डोनरच्या लिम्फोसाइटना, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना, ते आवरतं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ही पद्धत बसली, म्हणून निम्म्या जुळणीचा भरवसा वाढला. रक्तपेशींचे काउंट वर यायला १९ दिवस लागले. शेजारच्या खोलीतल्या पूर्ण जुळणीवाल्यांचे १५व्या दिवशीच आले होते. पुढे सीएमव्ही या विषाणूने डोकं वर काढलं, त्याचीही औषधं झाली.

तुमचा डोनर तयार असेल, तारीख पक्की असेल आणि आजार सवड देत असेल, तर रेजिस्ट्रीला मी नको म्हणणार नाही. घरचे डोनर उतारवयाचे असतील तरीही डॉक्टरांशी नीट बोलावं. पण आजार घाईचा आणि घरात धडधाकट तरुण मूल असेल, तर मी तरी थांबणार नाही. पुढेमागे आजार उलटला आणि त्याच्याशी लढायला डोनरचे लिम्फोसाइट पुन्हा लागले, तर माझा डोनर पलीकडच्या खोलीत झोपलेला असतो.